जुना रोलर कोस्टर ठेवायचा की मोडायचा? आधी मागच्या खोल्या बघा

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. माझ्या हाताखाली फिटर म्हणून लागलेला एक पोरगा आता एका मनोरंजन पार्कात मेंटेनन्सचा इनचार्ज झालाय. म्हणाला, "नाना, मालकांच्या मुलानं दोन प्रश्न टाकलेत. जुना कोस्टर ठेवायचा की भंगारात काढायचा? आणि मागच्या कामगारांच्या क्वार्टर्स पाडून तिथं पार्किंग करायचं का? सिंहस्थ तोंडावर आलाय, बसवाले जागा विचारतायत. पंधरा दिवसांत रिपोर्ट दे म्हणाले."

मी विचारलं, सुरुवात कुठून करणार? "ट्रॅकपासून," म्हणाला. सगळे तिथूनच करतात. त्याला फोनवर दीड तास जे सांगितलं ते नीट लिहून ठेवतोय, म्हणजे पुढचा फोन आला की हे पाठवून झोपता येईल.

मी नाशिकच्या सातपूर आयटीआयचा फिटर. नऊ वर्षं अंबडला एका कारखान्यात काढली, मग २२ वर्षं शहराबाहेरच्या एका पार्कात. पार्कचं नाव लिहीत नाही. आमचा कोस्टर इटालियन बनावटीचा, परदेशात कुठंतरी वापरून झालेला, कंटेनरमधून सुट्या भागांत आलेला. मॅन्युअलसुद्धा इटालियनमध्ये. पहिलं वर्ष आम्ही त्यातली चित्रं बघून काढलं. पार्कच्या मागच्या कुंपणाला लागून १४ खोल्यांची एक ओळ होती, त्यातल्या चार नंबरात मी अकरा वर्षं राहिलो. धाकटीचा जन्म तिथलाच.

पहिले दोन दिवस: खोल्या

ट्रॅकवर चढायच्या आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि खोल्यांच्या ओळीत जाऊन बसा. संध्याकाळी सातनंतर जा, माणसं घरी असतात आणि चहा मिळतो. प्रत्येक खोलीला एक पान. कोण राहतो, किती वर्षं, सकाळी राइडवर किती वाजता पोचतो, शिफ्ट नसताना महिन्यातून किती वेळा बोलावणं येतं. आणि पानाचा खालचा अर्धा भाग एकाच गोष्टीसाठी मोकळा ठेवा: या माणसाला असं काय माहीत आहे, जे कुठल्याच कागदावर नाही?

हा शेवटचा भाग भरायला वेळ लागतो. थेट विचारलं तर माणूस म्हणतो, "काही नाही साहेब, रोजचंच." रोजचं म्हणजे काय, ते करायला लावा. आमच्या नऊ नंबरातला माणूस रोज रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला निघायचा तो कॉम्प्रेसरपर्यंत जायचा आणि टाकीच्या खालचा कॉक उघडून साचलेलं पाणी काढायचा. पावसाळ्यात दोनदा. आमचे ब्रेक हवेवर चालायचे. हवेच्या लायनीत पाणी गेलं की वॉल्व्ह चिकटतात, ब्रेक कधी उशिरा लागतो, कधी उशिरा सुटतो. हे काम कुणीच त्याला दिलेलं नव्हतं. तो सुट्टीवर गावी गेला की चौथ्या दिवशी ब्रेकची तक्रार यायची, आणि आम्ही दोन वर्षं त्याचं कारण ब्रेकच्या कॅलिपरमध्ये शोधत होतो.

नव्या राइडचं बरं असतं, काही बिघडलं तर पॅनलवर लाल दिवा लागतो. जुनी राइड दिवा लावत नाही. ती आवाज बदलते, नाहीतर पाच सेकंद उशिरा येते. ते ओळखणारी माणसं कुठं झोपतात, हा कोस्टरच्या आयुष्याचा प्रश्न आहे. म्हणून वही आधी.

एक प्रसंग सांगतो. श्रावणातला तिसरा सोमवार होता. सगळी दुनिया ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलेली, पार्कात गर्दी बेताची, वर उघडीप. मी चहाला खोलीवर आलो. सात नंबरातल्या मावशी, आमच्या एका ऑपरेटरची आई, ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमची गाडी आज लंगडती का रे?"

मला आधी हसू आलं. मग मीही कान दिला. गाडी साखळीवरून वर चढताना जो खटखट आवाज येतो तो साखळीचा नसतो. डब्याखाली लोखंडी खिट्टी असते, आम्ही तिला डॉग म्हणायचो. ती मधल्या दातेरी पट्टीवरून एकेक दात ओलांडत जाते. साखळी तुटलीच, तर गाडी मागं घसरू नये म्हणून. आमच्या गाडीला दोन डब्यांना दोन डॉग, त्यामुळे आवाज जोडीनं यायचा: खट्-खट्, खट्-खट्. त्या दिवशी येत होता नुसता खट्, मग मोकळी जागा, मग खट्.

गाडी थांबवली. पुढच्या डब्याच्या डॉगची स्प्रिंग तुटून तो वरच अडकला होता. म्हणजे सगळी भरलेली गाडी एका खिट्टीच्या भरवशावर चढत होती. सकाळच्या तपासणीच्या कागदावर त्या डॉगसमोर बरोबरची खूण होती, माझ्याच हातची. स्प्रिंग सकाळनंतर तुटली की मी न बघता खूण केली, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

मावशींना कुणी इन्स्पेक्टर नेमा असं मी म्हणत नाही. पण लॉगबुकात 'आवाज' असा एक रकाना वाढवा आणि तो भरायला खोल्यांमधल्या माणसांनाही विचारा. आमच्याकडे तो पुढं नऊ वर्षं चालला.

खोल्यांच्या भिंती वाचा

माणसं झाली की भिंती. ही गोष्ट मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही, नाशिकच्या मातीनं शिकवली.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती पाणी प्यायली की फुगते, मे महिन्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्याचा पाया मुरमापर्यंत नेलेला नाही ते सगळं तिच्याबरोबर वरखाली होतं. कोस्टरच्या खांबांचे पाये खोल असतात, निदान असायला हवेत. कामगारांच्या खोल्यांचे कोणी खोल घेत नाही. त्यामुळे जमीन हलायला लागली की आधी खोल्यांच्या भिंती बोलतात.

तिरक्या भेगा शोधा, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली जाणाऱ्या. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवा आणि वर तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे. एक मेमध्ये लावा, एक सप्टेंबरात. गवंडी लोक हे पूर्वीपासून करतात, खर्च शंभर रुपयेही नाही.

आमच्याकडे असं झालं. एका वर्षी सहा नंबरच्या खांबाजवळ गाडीला धक्का बसू लागला. बाहेरून सल्लागार आले, त्यांनी डम्पी, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावून बघितलं. खांबाची बेसप्लेट एका बाजूनं ९ मिलिमीटर वर. त्यांनी लिहून दिलं की फाउंडेशन गेलं, पूर्ण नवं करा, आणि खर्चाचा जो आकडा टाकला तो बघून मालक म्हणाले, मग मोडूनच टाकू. नोटीस बोर्डावर लागायची तेवढी बाकी होती.

त्याच आठवड्यात अकरा नंबरातल्या बाईंनी माझ्याकडे तक्रार केली की भिंतीची भेग रुंद झाली, मुंगळे आत येतात. अकरा नंबरची मागची भिंत आणि सहा नंबरचा खांब यांच्यात अंतर किती? चालत आठ पावलं. आणि त्या आठ पावलांच्या मधोमध खोल्यांच्या मोऱ्यांचा शोषखड्डा. खणून बघितलं, तर खड्ड्याकडे जाणारा पाइप फुटलेला. पाच बिऱ्हाडांचं धुण्याभांड्यांचं पाणी वर्षभर काळ्या मातीत मुरत होतं, एकाच बाजूनं. माती फुगत होती आणि खांबाला एका अंगानं उचलत होती.

पाइप बदलला, सांडपाणी कुंपणाबाहेरच्या नाल्यात काढलं, खांबाभोवती मुरूम भरून उतार दिला. पुढच्या मेपर्यंत बेसप्लेट ६ मिलिमीटर खाली आली, उरलेल्या तिनासाठी प्लेटखालच्या पातळ पट्ट्या, शिम, काढून ग्राउट नवा भरला. खोल्या आधी पाडल्या असत्या, तर भेग दिसली नसती, कोस्टरही गेला असता आणि पार्किंगची फरशीही तिसऱ्या पावसाळ्यात उचलली असती.

तेव्हा खोल्यांचं सांडपाणी, गळकी टाकी, बोअरची लायन, सगळं नकाशावर काढा आणि त्यावर खांब मांडा. खोल्यांची बाकीची तपासणी थोडक्यात सांगतो. अर्थिंग अर्थ टेस्टर लावून बघा, प्रत्येक खोलीला गळती-करंट तोडणारा ब्रेकर हवाच. सिमेंटचे पत्रे जुने असतील, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो असं धरूनच चाला. कोरडे फोडू नका, कापू नका, ओले करून अख्खे उतरवा. बायकांच्या बाजूच्या संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा आहे का, हे कृपा करून स्वतः बघा, सुपरवायझरला विचारू नका.

आता ट्रॅक

आधी स्टॉपवॉच. मोबाईलमधलं चालेल. लिफ्टच्या, म्हणजे साखळीच्या चढाच्या, माथ्यावरून शेवटचा डबा सुटला की चालू, पहिल्या ब्रेकला पुढचा डबा लागला की बंद. रोज सकाळी रिकामी गाडी तीन वेळा, दुपारी भरलेली एकदा, शेजारी हवेचं तापमान. एवढं लिहा. आमची रिकामी गाडी ऑगस्टात ३८ सेकंद घ्यायची, मेमध्ये ३६, डिसेंबरात ४३.

हा फरक थंडीचा. आपली थंडी लोक चेष्टेवारी नेतात, पण शहराबाहेर पारा सकाळी ८–९ अंशांवर येतो. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, चाकांवरचं पॉलियुरेथेन कडक पडतं आणि जास्त ऊर्जा खातं. कोस्टरला खाली उतरल्यावर इंजिन नसतं. वर चढताना जी उंची कमावली तीच पुरवून खायची. आमचा माथा १२ मीटर, म्हणजे घर्षण काहीच नाही असं धरलं तरी तळाला ताशी ५५ किलोमीटरच्या वर जाणं शक्यच नाही. त्यातलं थोडं जरी जास्त गेलं की पुढची टेकडी चढवत नाही. एका डिसेंबरात पहिलीच रिकामी गाडी दुसऱ्या टेकडीवर चढता चढता थांबली, मागं घरंगळली आणि खळग्यात हिंदोळत बसली. चेनपुलीनं ओढून काढायला दुपारचा एक वाजला. रिकामी गाडी हलकी, म्हणून तीच आधी अडकते. त्यासाठीच सकाळी आधी रिकामी सोडायची.

वेळ ऋतूप्रमाणे बदलली तर ठीक. तापमान तेच आणि वेळ दोन-अडीच सेकंदांनी वाढत चालली असेल, तर चाकं, बेअरिंग किंवा ट्रॅकचं माप कुठंतरी बिघडलंय. वेळ कमी झाली, म्हणजे गाडी पूर्वीपेक्षा वेगानं येतेय, तर तेही चांगलं लक्षण नाही. ब्रेकला ती झेपतेय का बघा.

मग ट्रॅकचे नळ. दोन नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. रंग बघून निर्णय देणारा माणूस दिसला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. नळी आतून गंजते. आत शिरलेलं पाणी खळग्याच्या तळाशी साचतं, बाहेरून रंग चकचकीत आणि आतून जाडी अर्धी. अल्ट्रासोनिकनं जाडी मोजणारं मशीन सातपूर-अंबडला टेस्टिंगवाल्यांकडे भाड्यानं मिळतं, माणसासकट. टेकडीच्या माथ्यावरची जाडी आणि खळग्याच्या तळाची जाडी शेजारी शेजारी लिहा. नळीला तळाशी पाणी निघायला भोक ठेवलेलं असतं. ते रंगाच्या थरांखाली बुजलेलं सापडलं, तर आधी ते उघडा आणि काय बाहेर येतं ते बघा. आमच्याकडे अर्धी बादली तांबडं पाणी निघालं होतं.

वेल्डिंगच्या कडा डाय पेनिट्रंटनं तपासा, लाल रंग लावून पांढरी पावडर मारतात ती टेस्ट. गाडी जिथं वळते आणि जिथं खळग्यातून वर उचलते तिथं आधी. भेग मधल्या जाड भागात क्वचित पडते, ती वेल्ड संपून नळी सुरू होते त्या काठावर पडते. मोठ्या ताणाचे बोल्ट, डोक्यावर १०.९ लिहिलेले, एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. कुठलाही बोल्ट आवळल्यावर बोल्ट, नट आणि प्लेट यांवरून एक रंगाची रेघ ओढा, म्हणजे सैल झाला की लांबून दिसतो.

साखळी रोजच्या नजरेला कधीच वाढलेली दिसत नाही. दहा कड्यांचं अंतर एकदा नवी असताना लिहून ठेवायचं, मग दर सहा महिन्यांनी मोजायचं. दोन टक्के वाढली की नव्या साखळीची चौकशी सुरू करा, यायला वेळ लागतो.

चाकांचे तीन संच असतात: वरची वजन घेतात, बाजूची वळणावर धरतात, खालची गाडीला उडू देत नाहीत. या खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेत १९१९ सालचं. टेकडीवरून सुटताना पोटात गोळा येतो ना, तेवढ्या क्षणापुरती गाडी त्यांच्यावर असते. माझा सल्ला: तिन्हींच्या अ‍ॅक्सलची वर्षातून एकदा उतरवून टेस्ट, सबब ऐकायची नाही.

अ‍ॅक्सलवरून माझी एक चूक. मूळ कंपनीकडून माल यायला पाच महिने म्हणाले. आम्ही अंबडला एका टर्नरकडून बाजूच्या चाकांच्या पिना करून घेतल्या. माप असं की काढलेल्या आणि नव्या पिनेत फरक कळू नये. पोलाद कुठलं, हे मी तोंडी विचारलं, सर्टिफिकेट मागितलं नाही. मूळची होती ईएन २४च्या तोडीची, कडक केलेली. आमची निघाली साधी ईएन ८. चौथ्या महिन्यातल्या टेस्टला सहांपैकी दोन पिनांवर लाल रेघ उमटली. माणूस कुणी जखमी झाला नाही, पण ती रात्र मी कोस्टरखाली बाकावर बसून काढली. टर्नरचा दोष नव्हता, त्यानं सांगितलेलं माप काढून दिलं. मटेरियलचं सर्टिफिकेट आणि हीट ट्रीटमेंटचा कागद हातात आल्याशिवाय जुन्या राइडवर स्थानिक पार्ट चढवू नका.

आणि बघणारा कुठल्या मानकानं बघतोय ते त्याला आधीच विचारा. आपल्याकडे राइडच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस १५४७५ ही मालिका आहे. ते नाव ऐकून समोरचा गोंधळला, तर दुसरा माणूस शोधा.

ठेवणं, बदलणं, मोडणं

वय हे मोडायचं कारण असू शकत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन १९२७ सालचा, लाकडी, अजून लोकांना ओरडायला लावतो. शहरानं १९८८ साली त्याला वारसा म्हणून संरक्षण दिलं. अमेरिकेतच ओहायोतल्या सीडर पॉइंटला मीन स्ट्रीक नावाचा लाकडी कोस्टर होता, १९९१चा. फार धक्के द्यायचा, म्हणून २०१६ला बंद केला, त्याच्या सांगाड्यावर पोलादी ट्रॅक चढवून २०१८ला स्टील व्हेंजन्स म्हणून पुन्हा उघडला. म्हणजे सांगाडा चांगला, ट्रॅक वाईट, असं निघालं तर मधला रस्ता आहे. पण तो खिसा मोठा असणाऱ्यांचा. आपल्या आकाराच्या पार्कात मधला रस्ता म्हणजे नवी गाडी, नवे ब्रेक, नवं पॅनल आणि खळग्यातल्या चार-पाच नळ्या बदलणं.

कोनी आयलंडवरचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथं थंडरबोल्ट नावाचा कोस्टर १९२५ साली बांधला तो एका जुन्या हॉटेलच्या इमारतीवर. खाली घर, वर कोस्टर, आणि कोस्टर चालवणारी माणसं त्या घरात राहायची. कपबश्या कशा राहत असतील देव जाणे. १९८२ला तो बंद पडला, २०००मध्ये महापालिकेनं पाडला. आमच्या चार नंबरात गाडी गेली की देव्हाऱ्यातली घंटी हलायची, तेवढ्यावर आमची ही कौतुकानं पाहुण्यांना बोलवायची.

उलटं उदाहरण दिल्लीचं. प्रगती मैदानातलं अप्पू घर हे मनोरंजन पार्क १९८४ला सुरू झालं, २००८ला बंद झालं, ते जागेपायी. राइड कितीही सांभाळा, जमिनीचा भाडेपट्टा कधी संपतो तो कागद आधी वाचा. उरलेली वर्षं पाच असतील, तर दहा वर्षांची दुरुस्ती करू नका.

मोडायचंच ठरलं तर कसं मोडायचं, यावर दोन शब्द. विकायचा असेल, तर गॅस कटर लावू देऊ नका. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर पंच करा, फोटो काढा, मग खोला. भंगारात जाणार असेल, तर उलट करा: डबे, लॅप बार (मांडीवर येणारे दांडे) आणि अ‍ॅक्सल स्वतःच्या डोळ्यांसमोर कापून मग द्या. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेनं २०१७ला उठवला तरी भंगाराची वाट कुणी बंद करू शकत नाही, आणि तुमचा बाद केलेला डबा पुढच्या वर्षी एखाद्या जत्रेत नव्या रंगात पोरं घेऊन फिरताना दिसावा असं तुम्हाला वाटत नसेल.

खोल्या रिकाम्या करायच्याच असतील तर

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, कारण तारीख ऑफिसात बसून ठरते.

आमचा हंगाम मार्च ते जूनचा पहिला आठवडा, मग दिवाळी. हंगामात माणसाला घर शोधायला सुट्टी मिळत नाही. हंगाम संपतो तेव्हा पाऊस दारात, आणि जूनच्या मध्यात शाळा उघडतात. पावसाळ्यात पार्क रिकामं म्हणून मालकाला वाटतं, जुलै बरा. जुलैत कुणाचाही संसार टेम्पोत घालू नका. मी सामानावर ताडपत्री बांधलेली आहे, गाद्या दिवाळीपर्यंत वाळत नाहीत.

जमणारा एकच मार्ग मला दिसला: जानेवारीत लेखी सांगा, फेब्रुवारीत घर शोधायला प्रत्येकाला चार भरपगारी दिवस द्या, डिपॉझिटची उचल द्या, आणि शाळेचा निकाल लागल्यावर मेमध्ये, दोन-दोन बिऱ्हाडं करत, शनिवार-रविवार सोडून हलवा. रेशनकार्ड, आधार, गॅस, शाळेचा दाखला, सगळ्यांवर खोलीचा पत्ता असतो. पत्ता बदलायला लागणारं पत्र पार्कच्या लेटरहेडवर आधीच छापून ठेवा.

पाणी-वीज तोडून खोली रिकामी करून घेणं हा हलकटपणा तर आहेच. भाडेकरूंच्या बाबतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २९ नं त्याला मनाईही आहे. कामगार तिथं भाडेकरू म्हणून आहे की नोकरीपुरता परवाना म्हणून, हे त्याच्या कागदावर ठरतं. वकिलाला कागद दाखवा, तोंडी सांगू नका. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा, खोलीचा वेगळा. चावी दिल्याशिवाय चेक नाही, असं आमच्याकडे एकाला सांगितलं गेलं. तो आमचा सगळ्यात चांगला वेल्डर होता. चावी टेबलावर ठेवून गेला, पुन्हा कधी फोन उचलला नाही.

आमच्याकडे एका वर्षात सहा खोल्या रिकाम्या झाल्या. माणसं सिडकोत, पाथर्डी फाट्याकडे राहायला गेली. आधी साडेसहाला सुरू होणारी तपासणी साडेआठला सुरू होऊ लागली, कारण पहिली बस, मग शेअर रिक्षा, मग दीड किलोमीटर पायी. गेट दहालाच उघडायचं. दोन तासांचं काम दीड तासात बसवलं की काय गळतं? डाय पेनिट्रंटचा डबा गळतो, स्टॉपवॉच गळतं. कागदावरच्या बरोबरच्या खुणा मात्र सगळ्या असतात.

म्हणून मधला हिशेब असा करा. सगळ्या चौदा खोल्या ठेवायची गरज नसते. वहीतली ज्यांची पानं खालपर्यंत भरली, अशी पाच-सहा माणसं निवडा: लिफ्टचा, ब्रेकचा, इलेक्ट्रिकचा, रात्रीचा. तेवढ्या खोल्या नीट बांधा, खोल पाया, स्लॅब, आत संडास. उरलेली जागा पार्किंगला द्या. सांडपाणी खांबांपासून लांब.

रिपोर्ट एका पानाचा करा. मालकाचा मुलगा दुसरं पान वाचत नाही, आमचाही वाचायचा नाही. वर तीन ओळी: ट्रॅकची सगळ्यात पातळ जाडी किती आणि कुठं, पुढच्या तीन वर्षांत विकत घ्यावे लागणारे पार्ट आणि ते कुठून येणार, सकाळी साडेसहाला राइडपाशी किती माणसं उभी असतात. मध्ये स्टॉपवॉचच्या वेळांचा तक्ता. खाली पार्किंगचा हिशेब, आणि त्यात खर्चाच्या बाजूला बाहेर राहणाऱ्यांचा घरभाडे भत्ता, पेट्रोल, रात्रीच्या बोलावण्याचा ओव्हरटाइम हे घालायला विसरू नका. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, बसवाल्यांचा आकडा बारानं भागून मगच लिहा.

पोराला एवढं सगळं सांगून झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. परवा त्यानं पहिल्या आठवड्याच्या वेळा पाठवल्या. रिकामी गाडी ४१, ४१, ४२, ४०, ४४, ४१, ४१. मी फक्त एवढंच विचारलं की पाचव्या दिवशी सकाळी पाऊस होता का. म्हणाला, "बघतो नाना, इथल्या नऊ नंबरवाल्याला विचारून सांगतो."